सागरी प्रवाह शिकताना आणि शिकवताना या चुका टाळा

नकाशावरचे लाल-निळे बाण (लाल उबदार प्रवाह, निळे थंड) पाठ करून परीक्षा निघते, पण प्रश्न जरा वळवून विचारला की गाडी अडते. कारण ते बाण वर्षभराची सरासरी दाखवतात, आणि तीही बहुतेक वेळा फक्त वरच्या थराची. नकाशा हातात आला की आधी एवढं बघावं: थर कोणता, महिना कोणता आणि पाण्याला ढकलतंय कोण.

बाण उलटा पडतो

वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्यावरून, प्रवाहाची दिशा मात्र पाणी जिकडे जातं त्यावरून. नैर्ऋत्य वारा ईशान्येकडे वाहतो, पण दक्षिण दिशेचा प्रवाह दक्षिणेकडेच जातो. दोन्ही एकाच फळ्यावर काढताना हमखास घोटाळा होतो, म्हणून बाणाशेजारी ‘कडून’ किंवा ‘कडे’ लिहून टाकावं.

त्याहून मोठी चूक म्हणजे वारा जिकडे, पाणी तिकडे असं धरून चालणं. 1893 ते 1896 या काळात नॉर्वेचे शोधक नान्सेन ‘फ्राम’ जहाजातून आर्क्टिकमध्ये होते. तरंगता बर्फ वाऱ्याच्या दिशेपेक्षा 20 ते 40 अंश उजवीकडे सरकतो, हे त्यांनी टिपलं. त्याचं गणित स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी 1905 मध्ये मांडलं: पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याने हललेल्या सगळ्या थराचं एकत्रित वहन वाऱ्याच्या काटकोनात होतं, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

हे कळलं की पेरूचा किनारा थंड का, ते सुटतं. ‘दक्षिणेकडून थंड पाणी येतं म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. तिथे वारा किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे वाहतो. वरचं पाणी डावीकडे, म्हणजे खोल समुद्रात लोटलं जातं आणि त्याची जागा भरायला खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. मासळी भरपूर, पाऊस जवळजवळ नाही. लिमाला वर्षाला 2 सेंटीमीटरही पडत नाही.

अरबी समुद्राला एकच बाण

उत्तर हिंदी महासागरात वर्षाचा एकच नकाशा चालत नाही. पावसाळ्यात सोमालियाजवळचा प्रवाह ईशान्येकडे धावतो, वेग सेकंदाला 2 मीटरच्या वर जातो. हिवाळ्यात तोच उलटा, नैर्ऋत्येकडे. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे जातो. त्यामुळे दोन नकाशे काढा, जुलैचा आणि जानेवारीचा.

जुलैच्या नकाशात सोमालिया-ओमानचा किनारा निळा रंगवायला विसरू नका. पेरूसारखंच तिथेही थंड पाणी वर येतं, फक्त इथे पाणी उजवीकडे लोटलं जातं. मे-जूनमध्ये ते कमी वर आलं तर समुद्र जास्त गरम राहतो, बाष्प वाढतं, आणि बाकी सगळं तसंच असेल तर पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढायला मदत होते.

भरती-ओहोटीची ओढ मात्र या प्रवाहांत धरू नका. मुंबईच्या खाडीत ती साधारण सहा-सहा तासांनी उलटते. सागरी प्रवाह आठवडे, महिने एका दिशेने वाहतात.

रंगीत बर्फाचा फसलेला प्रयोग

ध्रुवाजवळ थंड, खारं पाणी जड होऊन बुडतं हे दाखवायला काचेच्या टाकीत मिठाचं पाणी भरतात आणि रंगीत बर्फ सोडतात. रंग तळाशी जाण्याऐवजी वरच पसरतो आणि मुलं बुचकळ्यात पडतात. प्रयोग बरोबर असतो, अपेक्षा चुकलेली असते. वितळलेलं पाणी थंड असलं तरी गोडं असतं आणि खाऱ्या पाण्याहून हलकं असतं. (साध्या पाण्यात तोच बर्फ टाकला, तर रंगाची धार खाली जाते.)

नीट करायचं तर असं: 3 लिटर पाण्यात 105 ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे समुद्राइतकी, लिटरला 35 ग्रॅम क्षारता मिळते. खडे मीठ असेल तर कापडाने गाळून घ्या, नाहीतर गढूळपणात काही दिसत नाही. त्यातलं पाव लिटर बाजूला काढून खाण्याचा निळा रंग घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. टाकीतलं पाणी अर्धा तास स्थिर होऊ द्या. मग निळं पाणी काचेला लागून, बारीक धारेने सोडा. वरून धबकन ओतलंत तर ते मिसळून जाईल आणि तळाशी सरकणारी निळी जीभ दिसणार नाही.

फसलेला प्रयोगही टाकून देऊ नका. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी उत्तर अटलांटिकवर पसरलं, तर बुडण्याची क्रिया मंदावण्याची भीती असते, ती नेमकी यामुळेच.

बेसिनमधल्या भोवऱ्याला पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा म्हणू नका. मुंबईच्या अक्षांशावर त्या परिणामाचं एक चक्र पूर्ण व्हायला सुमारे 37 तास लागतात. बेसिन मिनिटात रिकामं होतं.

‘गल्फ स्ट्रीम बंद पडणार’

बातम्यांत दोन वेगळ्या गोष्टी एक होतात. गल्फ स्ट्रीम हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा, मुख्यतः वाऱ्यावर चालणारा पृष्ठप्रवाह. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत तो सेकंदाला साधारण 3 कोटी घनमीटर पाणी नेतो. जगातल्या सगळ्या नद्या मिळून 12-13 लाखांच्या आसपास. वारे आहेत आणि पृथ्वी फिरते आहे तोवर तो थांबत नाही. मंदावण्याची चिंता आहे ती अटलांटिकच्या उभ्या अभिसरणाची: वरून उत्तरेला उबदार पाणी, खोलातून दक्षिणेला थंड. 26.5 अंश उत्तर अक्षांशावर 2004 पासून त्याची सलग मोजणी चालू आहे. या शतकात ते कमजोर होईल याबद्दल शास्त्रज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे; कोलमडेल का आणि कधी, यावर वाद आहे.

एल निनो म्हणजे दुष्काळच?

एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागराचा मध्य-पूर्व भाग नेहमीपेक्षा गरम होणं. 2002 चा एल निनो मध्यम होता, तरी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या 81 टक्क्यांवर अडकला. 1997 चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक, आणि पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाकडचा भाग थंड होता. या द्विध्रुव स्थितीने एल निनोचा फटका बराच पचवला, असं मानलं जातं. म्हणून अंदाज वाचताना प्रशांत महासागराच्या तापमानाच्या आकड्याबरोबर हिंदी महासागराचाही आकडा बघा.