जंगलात पक्षी बघायला दुर्बीण घेताय? ८×४२ बघा
आंबोली-तिलारीसारख्या दाट जंगलात फिरणार असाल तर १० पटीच्या मागे लागू नका, सरळ ८×४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिमी व्यासाची. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिमी व्यासाचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १०×४२ मध्ये ४.२च, आणि सावलीत गप्प बसलेला मलबार ट्रोगन बघताना हा फरक लगेच कळतो बरं का! शिवाय ८ पटीत हात हललेला कमी जाणवतो, फील्डही (एका नजरेत दिसणारा भाग) मोठं मिळतं, १००० मीटरवर १३० मीटर रुंदीच्या आसपास असेल तर मस्तच, कारण पानांतून उड्या मारणारा पक्षी शोधायला वेळ कुठे मिळतो. क्लोज फोकस, म्हणजे स्पष्ट दिसण्याचं सगळ्यात जवळचं अंतर, २ मीटर हवा. पावसाळ्यात जाणार असाल तर वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेलीच घ्या, नाहीतर आतून वाफ धरते. चष्मा असेल तर आय रिलीफ (दुर्बिणीची काच डोळ्यापासून जितकी लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किमान १५ मिमी, आणि दुकानात चष्मा लावूनच बघा.