'डॉक्टर हू' पाहायला कुठून सुरुवात करायची?

साठ वर्षांहून जुनी, बीबीसीची विज्ञानकथा मालिका. १९६३ ते १९८९ असे ओळीने सव्वीस सीझन, त्यातच सातशेच्या आसपास भाग. मग मोठा खंड, त्यात १९९६चा एकच टीव्ही चित्रपट, आणि २००५पासून पुन्हा नव्याने सुरुवात. हा आकडा ऐकूनच बरेच जण माघार घेतात. माझ्यासाठी ही मालिका आयुष्यभराची सोबत झाली आहे, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी ही वाट लिहून ठेवतो आहे.

पहिली पायरी: १९६३पासून सुरू करू नका

मी तेच केलं होतं. पहिला भाग आवडला, पण पुढच्या तीन भागांतल्या गुहेतल्या माणसांच्या भांडणांनी इतका कंटाळा आला की वर्षभर मालिकेकडे फिरकलो नाही.

सुरुवात २००५च्या पहिल्या भागाने करा. रोझ नावाची दुकानात काम करणारी मुलगी डॉक्टरला भेटते आणि तिच्याबरोबर आपल्यालाही सगळं नव्याने कळत जातं. एवढाही धीर नसेल, तर २००७चा 'ब्लिंक' हा भाग बघा. त्यात डॉक्टर फारच थोडा वेळ दिसतो, आधीचं काहीच माहीत असावं लागत नाही. दगडी देवदूतांचे पुतळे आहेत. तुम्ही बघताय तोवर ते हलत नाहीत; पापणी लवली की जवळ येतात. कॅमेरा एका पुतळ्यावरून दुसरीकडे जातो, परत येतो, आणि मघाशी डोळ्यांवर असलेले हात आता खाली आलेले असतात. हा भाग रात्री, एकट्याने, फोन बाजूला ठेवून बघा.

सुरुवातीला माहिती फार लागत नाही. डॉक्टर परग्रहावरचा आहे. त्याचं यान, टार्डिस, बाहेरून निळ्या रंगाची जुनी पोलीस पेटी (पोलिसांना फोन करण्यासाठी रस्त्यावर असायची ती, माणूस आत मावेल एवढी) आहे आणि आतून अफाट मोठं. ते यान येता-जाता जो घरघरता, धाप लागल्यासारखा आवाज करतं, तो बीबीसीचे ध्वनिकार ब्रायन हॉजसन यांनी आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवर घासून तयार केला होता. एकदा हे कळलं की तो आवाज तुम्ही वेगळ्या कानांनी ऐकता.

दुसरी पायरी: डॉक्टर बदलतो, तेव्हा थांबा

नवे प्रेक्षक गळतात ते बहुतेक इथे. क्रिस्टोफर एकल्स्टन यांचा डॉक्टर तेरा भागांत आपल्याला जिंकून घेतो, आणि तेराव्या भागाच्या शेवटी त्याच्या जागी वेगळाच माणूस उभा असतो. राग येतो. यायलाच हवा.

ही कल्पना जन्मली अडचणीतून. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळत चालली होती. मालिका बंद करण्याऐवजी निर्मात्यांनी १९६६मध्ये डॉक्टरचा देहच बदलून टाकला आणि पॅट्रिक ट्रॉटन आले. चेहरा वेगळा, स्वभाव वेगळा, पण माणूस तोच. या देहबदलासाठी 'रिजनरेशन' हा शब्द तर मालिकेत त्यानंतर आठ वर्षांनी आला. मालिका आज जिवंत आहे ती या एका निर्णयामुळे.

अशा वेळी लगेच मत बनवू नका. नव्या डॉक्टरला निदान पाच भाग द्या. डेव्हिड टेनंट यांची पहिली पूर्ण कथा, २००५च्या नाताळची, मुद्दाम नीट बघा. नवा डॉक्टर बराच वेळ रात्रीच्या कपड्यांत, अंथरुणात बेशुद्ध पडलेला असतो. रोझ त्याच्याकडे बघते आणि रडते, कारण हा तिचा डॉक्टर नाही. आपल्याला जे वाटतंय तेच तिला वाटत असतं, आणि तिचा विश्वास बसतो तेव्हाच आपलाही बसतो. लेखक रसेल टी. डेव्हिस लहानपणापासून या मालिकेचे चाहते, त्यांना ही कळ नेमकी माहीत होती.

तिसरी पायरी: जुन्याकडे जा, पण जुन्या पद्धतीने

दोन-तीन डॉक्टर बघून झाले की मागे वळा. १९७५ची 'जेनेसिस ऑफ द डॅलेक्स' घ्या, चौथे डॉक्टर टॉम बेकर यांच्या काळातली. डॅलेक म्हणजे डॉक्टरचे जुने, कट्टर शत्रू. सहा भाग, प्रत्येकी पंचवीस मिनिटांचे. एका बैठकीत सहाही बघू नका. या कथा आठवड्याला एक भाग अशा लिहिलेल्या आहेत, प्रत्येक भाग आपल्याला टांगून ठेवून संपतो. सलग पाहिलं तर तेच तेच वाटतं. रोज एक बघा, म्हणजे दिवसभर डोक्यात घोळत राहतो.

सेट हलतील, राक्षस रबरी दिसतील. दोन भागांत सवय होते.

चौथी पायरी: हरवलेले भाग ऐका

हा टप्पा माझ्या सर्वांत जवळचा. पहिल्या दोन डॉक्टरांच्या काळातले नव्वदहून अधिक भाग आज नाहीत. त्या वेळी व्हिडिओ टेप महाग होती, पुन्हा दाखवायचा विचार फारसा नव्हता, म्हणून बीबीसीने टेपा पुसून पुन्हा वापरल्या. पण घरोघरी काही मुलं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर लावून आवाज साठवत होती. त्यांच्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शाबूत आहे. काही प्रती परदेशी सापडतात: २०१३मध्ये नायजेरियातून मिळालेले नऊ भाग जाहीर झाले. त्यातल्या 'द वेब ऑफ फिअर' या कथेचा तिसरा भाग मात्र मिळाला नाही, आणि पुढे ब्रिगेडियर म्हणून लाडका झालेला लेथब्रिज-स्ट्युअर्ट पहिल्यांदा येतो तो त्याच भागात.

सुरुवात १९६६च्या 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स'ने करा. ट्रॉटन यांची पहिली कथा, सहाही भाग हरवलेले. २०१६मध्ये मूळ आवाजावर ॲनिमेशन केलं गेलं. आधी चित्राशिवाय, नुसतं ऐका. डॉक्टरच्या सोबत्यांना हा नवा माणूस डॉक्टर आहे हे पटत नाही. पण एक डॅलेक त्याला ओळखतो. मित्रांच्या आधी शत्रूला ओळख पटते, आणि हे आपल्याला फक्त आवाजातून कळतं.

जे वाटलं ते एका वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. पीटर कॅपाल्डी यांनी पंधराव्या वर्षी या मालिकेबद्दल 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाला लिहिलेलं पत्र १९७४मध्ये छापून आलं होतं. पुढे तेच डॉक्टर झाले.

शेवटची पायरी: आता १९६३

२३ नोव्हेंबर १९६३. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडी यांची हत्या झाली होती, लोकांचं लक्ष बातम्यांकडे होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट. दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे.

हा भाग शक्यतो २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळीच बघा. धुक्यात एक पोलीस भंगाराच्या आवाराचं फाटक तपासून निघून जातो. फाटक आपोआप उघडतं. कॅमेरा मोडक्या सामानातून सरकत निळ्या पेटीपाशी येतो (चित्र कृष्णधवल आहे, तरी ती निळी असल्याचं तुम्हाला ठाऊक असतं) आणि पेटी हलकेच गुणगुणत असते. थोड्या वेळाने दोन शिक्षक आपल्या विद्यार्थिनीच्या मागावर तिथे येतील आणि धक्का देऊन दार उघडतील. आत काय आहे हे त्यांना माहीत नाही. तुम्हाला आहे.