आफ्रिकेतला माती-नकाशा चुकतो तो खड्ड्यापाशीच: या चुका टाळा

पश्चिम केनियातल्या लहान शेतकऱ्याच्या शेतात सगळीकडे सारखी माती नसते. घरालगतच्या पट्ट्यात शेण, चुलीतली राख, काडीकचरा वर्षानुवर्षं पडलेला असतो. तिथला मका कमरेला लागतो, तेव्हा बांधाकडचा पिवळा पडून गुडघ्यालाच अडकलेला दिसतो. नमुने घेणारी माणसं पायवाटेनं येतात, घरापाशी थांबतात आणि तिथेच खड्डा घेतात. मग नकाशात सगळं गाव सुपीक दिसतं. पुढे कितीही भारी गणित लावलं तरी ही खोट निघत नाही.

म्हणून जागा आधी ठरवायची, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. आफ्रिका मृदा माहिती सेवेनं सहाराच्या दक्षिणेला 60 ठिकाणं अशीच अभ्यासाला घेतली. प्रत्येक ठिकाण 10 बाय 10 किलोमीटरचं, त्यात 16 गट, गटात 10 जागा. जागेवर मधली एक आणि भोवतालच्या तीन अशा चार ठिकाणांची माती एकत्र करायची, पण 0 ते 20 आणि 20 ते 50 सेंटिमीटरचे थर वेगळे ठेवायचे. ठरलेली जागा काट्याकुट्यात आली म्हणून शेजारच्या मोकळ्या रानातला नमुना घेऊ नका. अवघड जागा गाळल्या की नेमकी खंगलेली जमीनच नकाशातून गळते.

बिंदू भलतीकडे पडले तर

केनियातून विषुववृत्त जातं. दक्षिणेकडचा अक्षांश उणे लिहावा लागतो. उणे 0.5 मधलं उणे फॉर्मवर राहून गेलं, तर खड्डा उत्तरेला सुमारे 110 किलोमीटर सरकतो आणि तरी बऱ्याचदा केनियातच राहतो, म्हणून संगणक हूं की चूं करत नाही. खड्ड्यापाशी नोंदवलेली उंची भूप्रदेशाच्या उंचीशी ताडून पाहा. त्याच दिवशीचे बाकीचे बिंदू कुठे आहेत तेही बघा. चूक लगेच सापडते.

दुसरा चकवा जुन्या सर्वेक्षण नकाशांचा. ते ‘आर्क 1960’ या अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या संदर्भावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या वेगळ्या संदर्भावर. सरमिसळ झाली तर सुमारे 300 मीटरचा फरक पडतो. आफ्रिकेच्या ‘आयएसडीएसॉइल’ या माती-नकाशासारख्या 30 मीटरच्या चौकोनांच्या नकाशात तो दहा चौकोनांचा होतो.

प्रयोगशाळेतला आकडा पटत नसेल तर

नैरोबीच्या प्रयोगशाळेत माती पावडरीसारखी दळून तिच्यावर अवरक्त किरण टाकतात. सेंद्रिय कर्ब, चिकणमातीचं प्रमाण, सामू (पीएच) यांचा अंदाज त्यातून चांगला येतो. पिकाला उपलब्ध स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मात्र येत नाही. तो आकडा त्यातून काढून शेतकऱ्याला सांगू नका; रासायनिक तपासणीच करा. शिवाय ऑल्सेन, ब्रे आणि मेहलिच-3 या पद्धतींचे स्फुरदाचे आकडे एकाच रकान्यात कोंबू नका.

इथे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला सवय बदलावी लागते. आपल्याकडे काळी जमीन विम्लधर्मी, चुनखडी म्हणजे डोकेदुखी. पश्चिम केनियातल्या लाल, आम्ल मातीत चुना हेच औषध. सामू 5.5 च्या खाली गेला की अॅल्युमिनियम विरघळतं, मुळं खुंटतात, स्फुरद अडकून पडतो. नुसतं ‘स्फुरद कमी’ वाचून डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची आणखी एक गोणी सुचवली, तर ती बरीचशी वाया जाते आणि त्यातल्या अमोनियममुळे माती आणखी आम्ल होते. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती गोणी गरिबाच्या खिशातून येते.

कर्ब अचानक वाढलेला दिसला तर

आनंदून जाण्याआधी माती वजन करून पाहा. 20 सेंटिमीटरच्या थरात घनता 1.2 (घन सेंटिमीटरला ग्रॅम) असेल तर हेक्टरी 2400 टन माती भरते. गुरांच्या पायांनी दबून ती 1.4 झाली तर 2800 टन. कर्ब दोन्ही वेळा एक टक्काच, पण हिशेबात 24 टनांचे 28 टन झाले! दुसऱ्या फेरीला तीच जागा, तोच हंगाम, तीच प्रयोगशाळा ठेवा आणि तुलना समान वजनाच्या मातीची करा.

नकाशातला चौकोन हा अंदाज असतो. तो किती चुकू शकतो हे दाखवणारा, सोबत दिलेला अनिश्चिततेचा नकाशाही उघडून बघा. इथिओपियानं 2012 पासून देशभर माती तपासली. गंधक, बोरॉन, जस्ताची कमतरता दिसली आणि डीएपीच्या जागी गंधकयुक्त मिश्रखतं आली. पुढे शेतांवरच्या चाचण्यांत अनेक ठिकाणी पिकानं खरी साद दिली ती नत्र आणि स्फुरदालाच. म्हणून शिफारस छापण्याआधी दोन-चार शेतांत पट्टे टाका: एक ते खत घालून, शेजारचा त्याच्याशिवाय. मळणीनंतर दोन्हीकडचं धान्य वेगवेगळं तोला.