स्टारफ्लाइट खेळताय? या चुका टाळा, नाहीतर पहिल्याच दिवशी सोडून द्याल

मास इफेक्ट ही अंतराळातली गेम सगळ्यांना माहितीये, पण त्याचा डायरेक्टर केसी हडसन ज्या गेमला आपली प्रेरणा म्हणतो ती १९८६ ची स्टारफ्लाइट, यान घेऊन तारे-ग्रह धुंडाळायची गेम, मात्र कुणी खेळलेली नसते. बायनरी सिस्टिम्स या कंपनीच्या चार-पाच जणांनी बनवलेली, दोन फ्लॉपीत २७० तारे आणि ८०० ग्रह कोंबलेले, आणि आजही जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर मिळते. लोक डाउनलोड करतात, तासाभरात वैतागतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, सेव्ह.

ही गेम सेव्हची वेगळी फाइल बनवत नाही, खेळता खेळता स्वतःच्याच फाइलींत लिहीत जाते. त्यामुळे मेलात की मागचा सेव्ह लोड करू वगैरे विसरा, आणि डॉसबॉक्सची (म्हणजे जुन्या डॉस गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केलीत तर गेम पुन्हा धड चालू होईलच असं नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करायच्या आधीच अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवायचा, आणि नंतरही दरवेळी गेममधूनच सेव्ह करून बाहेर पडलात की स्टारए (STARA) आणि स्टारबी (STARB) या दोन फाइली तारीख टाकून दुसरीकडे ठेवायच्या. कटकट आहे, पण त्याशिवाय पर्याय नाही.

दुसरं म्हणजे हातात पैसे आले की लोक थेट लांबच्या ताऱ्यांकडे सुटतात. इंधन, म्हणजे एंड्युरियम, संपलं की तिथेच अडकलात. आधी आर्थच्या, म्हणजे जिथून सुरुवात होते त्या ग्रहाच्या, शेजारच्या ग्रहांवर उतरून खनिजं गोळा करा, विका, क्रूला ट्रेनिंग द्या. परग्रहवासीयांशी बोलणाऱ्या कम्युनिकेशनवाल्याला तर आधी, कारण तो कच्चा असला तर परग्रहवासी काय बोलतायत ते अर्धवटच कळतं आणि या गेमची सगळी मजा त्या बोलण्यातच आहे. (एंड्युरियम म्हणजे नक्की काय ते शेवटी कळतं, इथे सांगत नाही.)

उतरायच्या आधी ग्रॅव्हिटी बघा!! फार जास्त असली की यानाचा चुराडा, प्रश्नच नाही. रोव्हर, म्हणजे ग्रहावर फिरायची गाडी, घेऊन लांब गेलात आणि त्याचं इंधन संपलं तर यानापर्यंत पायी यावं लागतं, वाटेत वादळं आणि जनावरं. आणि वसाहतीसाठी योग्य ग्रह सुचवला की बोनस मिळतो, पण त्या लोभापायी दिसेल तो ग्रह सुचवू नका, चुकीचा निघाला तर उलटा दंड बसतो.

क्वेस्ट लॉग, म्हणजे पुढे काय करायचं याची गेमने ठेवलेली यादी, वगैरे काही नाही, त्यामुळे कुणी आकडे सांगितले की ते कोऑर्डिनेट्स, म्हणजे नकाशावरची जागा, समजायचे आणि वहीत लिहायचे. कुणी भेटलं की लगेच शस्त्रं सज्ज करू नका, समोरचे बिथरतात. परग्रहवासीयांच्या जमातीही सांभाळा: क्रूमध्ये एलोवान जमातीचा कुणी असेल तर थ्रिन लोकांचं डोकं फिरतं, त्यांचं जुनं वैर आहे. उहलेक जमातीशी बोलण्यात अर्थच नाही, दिसले की पळा. स्पेमिन जमातीवाले मात्र नुसत्या बढाया मारतात, त्यांना जरा दम दिला की लगेच पाया पडायला लागतात आणि बरीच माहिती ओकतात.