पक्ष फुटला की मोजणी कुठून सुरू करायची

पक्ष फुटला की पारावर पहिला प्रश्न येतो, ‘किती गेले?’ त्याआधी विचारा, कुठले गेले? आमदार, पक्षाचे पदाधिकारी आणि नगरसेवक यांची मोजणी वेगवेगळ्या कायद्याने होते. म्हणून वहीत तीन पानं करा आणि एका पानावरचा आकडा दुसऱ्यावर नेऊ नका.

आमदारांच्या पानावर फक्त पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले लिहायचे. जून 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातून शिवसेनेचे गुलाबराव पाटील, चिमणराव पाटील, किशोर पाटील आणि लता सोनवणे असे चारही आमदार एकनाथ शिंदेंबरोबर गेले. मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटीलही गेले, पण ते अपक्ष. पाठिंब्याच्या बेरजेत जिल्ह्याचे पाच, सेनेच्या 55 आमदारांमधून मात्र चारच.

आता 55 चे दोन तृतीयांश काढा: 36.67, म्हणजे 37. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 37 जमले की आमदारकी वाचली, असं लोक धरून चालतात. घटनेच्या दहाव्या परिशिष्टातली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातली, ही सवलत दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी आहे, नुसतं वेगळं बसण्यासाठी नाही. एक तृतीयांश फुटीची जुनी पळवाट 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने बंद झाली. म्हणूनच शिंदे गट विलीनीकरणाच्या वाटेला गेला नाही. ‘आम्हीच शिवसेना’ हा दावा त्यांनी केला.

तो दावा निवडणूक आयोगापुढे 1968 च्या चिन्ह आदेशातल्या परिच्छेद 15 खाली चालतो; फुटीत पक्षाचं नाव आणि चिन्ह कोणाचं, हे त्यात ठरतं. तिथे पक्षाची घटना, संघटनेतलं बहुमत आणि निवडून आलेल्यांचं बहुमत पाहतात. 17 फेब्रुवारी 2023 च्या निकालात पहिल्या दोन कसोट्यांवर निर्णय लागला नाही, आणि 55 पैकी 40 आमदार, 18 पैकी 13 खासदार या आकड्यांवर धनुष्यबाण शिंदेंकडे गेला. 2018 ची दुरुस्त घटना आयोगाच्या दप्तरी नव्हती, हा मुद्दा ठाकरे गटाला फार महागात पडला. पक्ष कोणताही असो, घटनेत बदल केला की तो आयोगाकडे दाखल करा आणि पोच जपून ठेवा. पाठिंब्याच्या प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे नंतर गोळा करता येतात, ही पोच येत नाही.

व्हीप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, निघाला तर तो काढणाऱ्या प्रतोदाची नेमणूक कोणी केली ते आधी तपासा. हा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातल्या आमदारांच्या गटाचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 ला स्पष्ट केलं.

नगरसेवकांना दहावं परिशिष्ट लागत नाही. त्यांच्यासाठी राज्याचा 1986 चा अपात्रता कायदा आहे. मार्च 2021 मध्ये जळगाव महापालिकेत भाजपचे 57 पैकी 27 नगरसेवक फिरले. सेनेचे 15 आणि एमआयएमचे 3 मिळून 45 विरुद्ध 30 मतांनी सेनेच्या जयश्री महाजन महापौर झाल्या. मतदान जिंकायला 27 पुरले, पण विलीनीकरणाची सवलत इथेही दोन तृतीयांशांनाच, आणि 57 चे दोन तृतीयांश 38 होतात. म्हणून महापौरपद मिळालं तरी अपात्रतेची टांगती तलवार राहिलीच.

विधानसभेचं तिकीट कोणत्या गटाला, हे शेवटी एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार कळवण्याच्या ए आणि बी या दोन फॉर्मवर ठरतं. सही शाईची हवी, झेरॉक्स किंवा शिक्का चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे.