विद्यापीठाच्या जलसंशोधनासाठी राज्य शासनाचा निधी मागताना

महाराष्ट्रातील विद्यापीठाच्या किंवा संलग्न महाविद्यालयाच्या भूशास्त्र, भूगोल, स्थापत्य अथवा कृषी अभियांत्रिकी विभागाला पाण्यावरील संशोधनासाठी शासनाकडे निधी मागायचा असेल, तर प्रस्ताव लिहायला बसण्याआधी आपला प्रश्न शासनातील कोणाच्या कामाशी जोडलेला आहे, हे निश्चित करावे. भूजलाची मोजणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते, पाणलोटाची कामे मृद व जलसंधारण विभागाकडे आहेत आणि धरणे-कालवे जलसंपदा विभागाकडे. विद्यापीठांच्या विज्ञान-तंत्रज्ञान प्रकल्पांना राज्याच्या निधीतून अनुदान देण्याचे काम राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग करतो. अभ्यास एखाद-दुसऱ्या तालुक्यापुरता असेल, तर जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनेचा किंवा महाविद्यालयांना स्थानिक विकासाच्या प्रश्नांशी जोडणाऱ्या उन्नत महाराष्ट्र अभियानाचा मार्ग अधिक जवळचा ठरतो.

प्रश्न मांडताना ‘पाणीटंचाईचा अभ्यास’ असे सैल शीर्षक टाळावे. शासनाला कशाचे उत्तर हवे आहे, हे जलयुक्त शिवार अभियानाच्या अनुभवातून स्पष्ट दिसते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात निघाला. कामे झाली, पण त्यांच्यामुळे नेमके किती पाणी मुरले आणि किती उपसले गेले, याचा गावपातळीवरचा हिशेब सर्वत्र ठेवला गेला नाही. हा हिशेब विद्यापीठाने करावा, अशी माझी ठाम भूमिका आहे. म्हणून प्रस्तावात पाणलोट क्षेत्राचा क्रमांक, गावांची नावे, तिथे झालेली कामे आणि आपण तपासणार असलेला एकच दावा स्पष्ट शब्दांत लिहावा.

सर्वाधिक प्रकल्प अडखळतात ते वेळापत्रकावर. शासनाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, भूजलाचे वर्ष मात्र पावसाबरोबर, १ जूनला. विहिरींची पातळी मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर मोजली नाही, तर मुरलेल्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. आणि मंजुरीचे पत्र जुलैत हाती पडले, तर मे महिना गेलेला असतो व संशोधनाचे पूर्ण वर्ष वाया जाते. यावर उपाय एकच आहे. प्रस्ताव मंजूर होण्याची वाट न पाहता विभागाच्या किरकोळ निधीतून आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तीस-चाळीस विहिरींची पहिली मोजणी करून ठेवावी. त्यासाठी साधी मोजफीत पुरते. ही मोजणी प्रस्तावाला जोडली, की छाननी समितीलाही काम खरोखर सुरू असल्याचा पुरावा मिळतो.

अंदाजपत्रकात उपसा चाचणीसाठी, म्हणजे विहिरीतून पाणी उपसून पातळी किती उतरते व कशी भरून येते हे पाहून खडकातून किती पाणी सुटते ते ठरवण्यासाठी, रक्कम अवश्य ठेवावी; काटछाट करताना नेमकी हीच बाब वगळली जाते, म्हणून तिचे कारण आकड्यांनिशी द्यावे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे आणि या खडकाच्या झिजलेल्या थरातून प्रत्यक्ष सुटणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असते. समजा, ५०० हेक्टर क्षेत्रात पातळी ३ मीटरने वाढली. हे प्रमाण २ टक्के धरल्यास ३०० टीसीएम (हजार घनमीटर) पाणी साठले असे होते. १ टक्का धरल्यास तेच उत्तर १५० टीसीएमवर येते. जागेवर चाचणी न करता पुस्तकातील आकडा घेतला, तर निष्कर्ष निम्म्याने चुकू शकतो. पावसासाठी महसूल मंडळाची नोंद उपयोगी पडते, पण शेजारच्या दोन गावांतही पाऊस फार वेगळा पडतो, त्यामुळे गावात स्वतंत्र पर्जन्यमापक बसवण्याचा खर्चही धरावा.

आवर्ती (दरवर्षी होणारे) व अनावर्ती (एकदाच होणारे) खर्च वेगळे दाखवावेत, कुलसचिवांची संमती व वित्त अधिकाऱ्यांची स्वाक्षरी आधीच घ्यावी आणि प्रकल्पाचा हिशेब पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ठेवावा. उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित खर्चपत्रक वेळेत गेले नाही, तर पुढचा हप्ता अडतो आणि क्षेत्रावर काम करणाऱ्या संशोधन साहाय्यकाचे मानधन थकते.

संशोधनाला संवर्धनाची जोड द्यायची असेल, तर ग्रामपंचायतीला सुरुवातीपासून सोबत घ्यावे. हिवरे बाजारमध्ये पडलेल्या पावसाचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडून त्यानुसार पिके ठरवली जातात; कमी पावसाच्या प्रदेशातील हे गाव अशा प्रकल्पासाठी उत्तम नमुना आहे. म्हणून विहिरींच्या नोंदी व त्यांचा मराठी गोषवारा ऑक्टोबरच्या मोजणीनंतर लगेच, रब्बीची पेरणी ठरण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवण्याची तरतूद प्रस्तावातच करावी आणि त्या नोंदींची एक प्रत भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जमा करावी.