शिडी लावायच्या आदल्या संध्याकाळी

मे उजाडला की सोसायट्यांचे फोन सुरू होतात. गच्चीवरच्या शेडचे पत्रे, जुन्या चाळींची मंगलोरी कौलं, पन्हळी, सगळं ११ जूनच्या आत धुऊन हवं असतं. ती मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख. घाई असते हे खरं, म्हणूनच क्विक कपलरची, म्हणजे दाबाने पाणी मारणाऱ्या मशीनची नळी चटकन जोडणाऱ्या-सोडणाऱ्या जोडांची, सगळी तयारी आदल्या संध्याकाळी, जमिनीवर, उजेडात उरकायची. कपलर वापरायचा तो वर पाना आणि टेप घेऊन बसावं लागू नये म्हणून. जोड चटकन लागला की हात कमरेच्या दोरासाठी मोकळा होतो. खाली नीट न बसवलेला जोड मात्र वर दोन्ही हात अडकवून ठेवतो.

आधी आटे बघा. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळणारी बहुतेक फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांची, पण ऑनलाइन मागवलेल्या कपलरवर बऱ्याचदा एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे आटे निघतात. अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हींत इंचामागे १४ आटेच असतात, त्यामुळे एकमेकांत दोन-तीन फेरे सहज जातात. आट्यांचा कोन मात्र बीएसपीत ५५ अंश, एनपीटीत ६०. कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी दाब आला की ते झिरपतं. तीन सुतांच्या (३/८ इंची) फिटिंगमध्ये बीएसपीला १९ आणि एनपीटीला १८ आटे, तिथे चूक लवकर हाताला कळते. मशीनच्या एम-२२, म्हणजे २२ मिलिमीटर आट्यांच्या जोडातही आतल्या खुंटीच्या जाडीप्रमाणे १४ आणि १५ मिलिमीटर असे दोन प्रकार येतात. एकाला दुसरा लावला तर आटे सारखेच लागतात, पण आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, पाणी धरत नाही. प्रकार ओळखू येत नसेल तर जुना तुकडा खिशात घालून दुकानात जा आणि तिथेच लावून बघा.

पाण्याचे आणि औषधाचे कपलर वेगळे ठेवा. शेवाळासाठी आपण हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट वापरतो. त्याने पितळ खाल्लं जातं आणि साधी नायट्राइल रबराची ओ-रिंग कडक होऊन तडकते. औषधाच्या नळीला प्लॅस्टिकचे, पॉलिप्रॉपिलीनचे कपलर आणि ईपीडीएम रबराच्या ओ-रिंग लावा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरतो. गाडीचं ग्रीस लावलं तर ईपीडीएम फुगतं. दाबाच्या नळीला स्टेनलेस स्टील बरं, कारण वरळी किंवा मढसारख्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी कपलरच्या आतल्या, पकड धरणाऱ्या गोळ्या गंजून अडकतात. कपलरवरची मागे-पुढे सरकणारी कॉलर पूर्ण पुढे येत नसेल तर तो कपलर त्याच वेळी बाजूला काढा, तेल सोडून वेळ मारून नेऊ नका. प्रत्येक मापाच्या चार ओ-रिंग डबीत हव्यातच.

आता प्रत्येक जोड लावून बघा. निपल, म्हणजे कपलरमध्ये शिरणारा तुकडा, आत दाबला की ‘कट्’ आवाज येतो. त्यावर विसंबू नका, उलट दिशेने जोराचा हिसका द्या. मग मशीन चालवून फवाऱ्याची गन दाबत-सोडत प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसा. पुन्हा ओल दिसली तर ओ-रिंग बदला.

कॉलरबद्दल मी जास्त हट्टी आहे, त्याला कारण आहे. गिरगावातल्या एका चाळीच्या कौलांवर आम्ही नळी ओढत होतो. कॉलर कौलाच्या कडेला अडकून मागे सरकली आणि जोड सुटला. नळीचं तोंड फटकारत येऊन आमच्या एका मदतनीस पोराच्या गुडघ्यावर आदळलं. कमरेला दोर होता म्हणून तो पन्हळीपाशी थांबला. तेव्हापासून छपरावर मी फिरवून कुलूप लागणारी कॉलरच नेतो, आणि कडेवरून किंवा मोभावरून जाणाऱ्या नळीत मध्ये जोड ठेवतच नाही. मशीन खाली असेल तर लटकणाऱ्या नळीचा भार जोडावर येऊ देऊ नका. अर्धा इंची २० मीटर नळीत नुसतं पाणीच अडीच किलो असतं, नळीचं वजन वेगळं. वर पक्क्या खांबाला दोरीने नळी बांधून घ्या. शिडीला कधीच नाही.

गच्चीवरच्या टाकीला मशीन थेट जोडू नका. ते लोकांचं पिण्याचं पाणी आहे, आणि पुरवठा थांबला की औषध उलट ओढलं जाऊ शकतं. मध्ये ड्रम ठेवा, नळ ड्रमच्या पाण्यापासून वर मोकळा पडू द्या. नळाखाली १५ लिटरची बादली लावून ती किती वेळात भरते ते घड्याळावर बघा. मशीनला मिनिटाला लागतं त्याहून जास्त पाणी ड्रममध्ये पडलं पाहिजे. ड्रममधून मशीनकडे जाणाऱ्या नळीला आत झडप नसलेला, पूर्ण भोकाचा कपलर आणि जाळी लावा. झडपवाला वाट अरुंद करतो, मग पंप हवा ओढून खडखडतो.

नोझलमध्ये पांढरं, ४० अंशांचं, वर न्या. लाल, शून्य अंशाचं, घरीच ठेवा. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर दाबाचा फवारा अजिबात नाही: तंतू सुटतात आणि पत्रा पायाखाली फुटतो.

मशीन बंद, नळ बंद, गन दाबून पाणी थांबेपर्यंत धरा, मग कॉलर मागे ओढा, हा क्रम पोरांकडून तोंडी म्हणवून घ्या. फवारा कातडीत शिरला तर भोक केवढंही लहान दिसो, त्याच वेळी इस्पितळात न्या.

आणि संध्याकाळीच सोसायटीच्या फळ्यावर लिहून या: उद्या सकाळी ७ वाजता गच्ची धुणार आहोत, कुरडया-पापडांचं वाळवण आजच खाली घ्यावं.